दोन पगार असूनही महिनाअखेर हात रिकामा: घरखर्च कसा बसवावा?

भायलीकर

नमस्कार. हा प्रश्न विचारण्यापूर्वी बरेच दिवस विचार केला, कारण घरातील आकडे चारचौघांत मांडण्याची आपल्याकडे पद्धत नाही. पण आता सल्ल्याची खरोखर गरज आहे.

आम्ही वडोदऱ्यात वासणा-भायली रस्त्यावर राहतो. माझे यजमान मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतील एका कंपनीत उत्पादन नियोजनाचे काम पाहतात आणि मी एका खासगी प्रयोगशाळेत नोकरी करते. त्यांच्या पगाराचे ५८,००० आणि माझ्या पगाराचे ३४,००० असे दरमहा ९२,००० रुपये हातात येतात. मुलगी आठ वर्षांची आहे, मुलगा तीन वर्षांचा. सासू-सासरे दांडिया बाजारातील जुन्या घरात राहतात.

घराच्या कर्जाचा हप्ता २४,३०० आहे, गाडीचा ९,२०० आणि मोबाईलचा २,४००. मुलीची शाळा आणि व्हॅन मिळून महिन्याला ६,३०० पडतात, मुलाच्या पाळणाघराचे ६,००० आणि सोसायटीचे १,८०० जातात. कामवाल्या बाई आणि पोळ्या करणाऱ्या मावशी यांचे मिळून ६,५०० होतात. किराणा, दूध, भाजी यांना १५,००० लागतात, पेट्रोलला ६,५००, वीज-गॅस-फोनला ४,०००, आणि सासू-सासऱ्यांना आम्ही दरमहा ५,००० देतो. ही बेरीज ८७,००० होते. म्हणजे कागदावर ५,००० उरायला हवेत, पण क्रेडिट कार्डाची बाकी ६८,००० झाली आहे आणि मी दरमहा त्याची किमान रक्कम म्हणून ३,४०० भरते. मागच्या दिवाळीला हीच बाकी २२,००० च्या आसपास होती. यजमानांचा ४५,००० चा बोनसही त्यातच गेला, तरी बाकी वाढलीच.

माझ्या आईने दिलेली ८०,००० ची मुदत ठेव आहे, तिला ७ टक्के व्याज मिळते. ती अडीअडचणीसाठी म्हणून आजवर हात न लावता ठेवली आहे. आम्ही परदेशवारी करत नाही, दागिने घेत नाही, दोघेही उधळे नाही. मग पैसा जातो कुठे? शिवाय एक ओळखीचे एजंट करबचतीसाठी आणखी एक विमा पॉलिसी घ्या म्हणून मागे लागले आहेत. ती घ्यावी का?

जुना रोखपाल

ताई, तुम्ही आकडे सविस्तर दिलेत म्हणून उत्तर देणे शक्य झाले. मी बँकेच्या खिडकीमागे अनेक वर्षे बसलो आहे आणि तुमच्यासारखी, म्हणजे व्यसन नाही, उधळपट्टी नाही, तरीही कर्ज वाढत चाललेले, अशी घरे पुष्कळ पाहिली आहेत.

सर्वांत आधी कार्ड. तुमच्या विवरणपत्रावर व्याजाचा दर छापलेला असतो, तो पाहा. बहुतेक कार्डांवर तो महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो. तेवढाच धरला तर ६८,००० वर महिन्याचे व्याज २,३८० होते आणि त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी ४२८. तुम्ही ज्या ३,४०० रुपयांना कर्जफेड समजता, त्यातील २,८०० रुपये व्याज आणि करातच जातात आणि मूळ रकमेतून जेमतेम ६०० कमी होतात. दुसरी गोष्ट अशी, की मागील बाकी शिल्लक असताना त्याच कार्डावर नवी खरेदी केली, तर तिला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, खरेदीच्या दिवसापासूनच व्याज सुरू होते. तेव्हा महिन्याचा किराणा त्या कार्डावर घेत असाल, तर आजपासून थांबवा.

एका हाताने तुम्ही वर्षाला ३३,००० च्या वर व्याज भरत आहात आणि दुसऱ्या हाताने मुदत ठेवीवर वर्षाला ५,६०० मिळवत आहात. आईने दिलेली रक्कम मोडवत नसेल, तर मोडू नका, तिच्यावर कर्ज घ्या. मुदत ठेवीवर बँका साधारण ८५ ते ९० टक्क्यांपर्यंत ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ठेव तारण ठेवून लागेल तसे पैसे उचलण्याची सोय, देतात आणि व्याजाचा दर ठेवीच्या दराहून एक ते दोन टक्केच जास्त असतो. ८०,००० चे ८५ टक्के म्हणजे नेमके ६८,००० होतात. साडेआठ टक्के दर धरला तर पहिल्या महिन्याचे व्याज ४८० च्या घरात येईल. आज कार्डाला जे ३,४०० भरता, तेच इकडे भरत राहिलात तर २२ महिन्यांत कर्ज संपते आणि आईची ठेव जागच्या जागी राहते.

पॉलिसीबद्दल माझे मत स्पष्ट आहे: घेऊ नका. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही, आणि पगारदारांना ७५,००० ची प्रमाणित वजावट धरून ही मर्यादा १२,७५,००० पर्यंत जाते. ही मर्यादा प्रत्येकाची स्वतंत्र असते, नवरा-बायकोचे उत्पन्न एकत्र धरत नाहीत. तुम्हा दोघांपैकी कोणालाच कर भरायचा नसेल, तर करबचत कशाची करायची?

आता घरकर्जाविषयी विचारतो. कर्ज बँकेचे आहे की गृहवित्त कंपनीचे? १ ऑक्टोबर २०१९ नंतर बँकांनी दिलेली तरत्या, म्हणजे बदलत्या दराची घरकर्जे बाह्य मापदंडाशी, बहुतेक वेळा रेपो दराशी (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते त्याच्याशी), जोडलेली आहेत. रेपो दर २०२५ च्या फेब्रुवारीत ६.५ टक्क्यांवरून खाली येऊ लागला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरपर्यंत ५.२५ वर आला. त्याचा लाभ तुमच्या कर्जाला मिळाला आहे का, हे शाखेत जाऊन विचारा. पुष्कळदा दर उतरतो, पण बँक हप्ता तोच ठेवून मुदत कमी करते. त्यात गैर काही नाही. पण तुम्हाला आज मुदतीपेक्षा हप्ता कमी होणे गरजेचे आहे, आणि तसे लेखी मागता येते. कर्जाची मुदत बरीच शिल्लक असेल, तर एक टक्का दर उतरला तरी महिन्याला दीड हजारांच्या आसपास फरक पडू शकेल.

शेवटचा मुद्दा कटू आहे. कर्जांचे तीन हप्ते मिळून ३५,९०० होतात, म्हणजे पगारांच्या ३९ टक्के. घर मोडता येत नाही, पण गाडी विकता येते. रोज दोघेही दुचाकीने जात असाल आणि गाडी फक्त रविवारी निघत असेल, तर तिचा विचार करा. सासू-सासऱ्यांना दिले जाणारे ५,००० काही महिने थांबवता आले, तर तेही पाहावे.

दांडिया बाजारची सून

रोखपाल काकांनी कार्डाचे गणित चोख मांडले आहे. मला वाटते, तुमच्या यादीतच एक मोठे भोक आहे. त्यात जे लिहिले आहे ते सगळे दर महिन्याला येणारे खर्च आहेत. वर्षातून एकदा किंवा दोनदा येणारा एकही खर्च त्यात नाही. जूनमधली पुस्तके आणि गणवेश, गाडीचा विमा, महानगरपालिकेचा मिळकत कर, नवरात्रीचे पास आणि चनिया-चोळी, दिवाळी, उत्तरायणाचे पतंग आणि उंधियू, माहेरच्या लग्नाचा आहेर, दातांचा डॉक्टर. हे सगळे कोणत्या पैशांतून झाले? कार्डातूनच झाले असणार.

माझ्या सासूबाई शाळेत शिक्षिका होत्या आणि सासरे कारखान्यात. म्हणजे दोघांनी कमावण्याची रीत आमच्या घरात चाळीस वर्षे जुनी आहे. सासूबाईंच्या वहीत प्रत्येक महिन्याच्या पानावर सर्वांत वर ‘वर्षाचे’ अशी एक ओळ असे. मे महिन्यात वर्षभराचे गहू भरायचे असत. ते आले की दोन दिवस निवडायचे, उन्हात घालायचे, एरंडेलाचा हात फिरवून पिंपात भरायचे. त्या गव्हाचे पैसे त्या मे महिन्याच्या पगारातून कधीच देत नसत, ते जूनपासून दरमहा बाजूला पडत आलेले असत. तुम्हाला गहू भरायला वेळ नसेल, हे मी समजू शकते. पण पद्धत तीच ठेवा: मागील बारा महिन्यांचे बँकेचे आणि कार्डाचे विवरण काढा, मासिक नसलेल्या खर्चांची बेरीज करा, बाराने भागा, आणि तेवढी रक्कम पगाराच्या दिवशीच वेगळ्या बचत खात्यात टाका. वीजबिल आपल्याकडे दोन महिन्यांनी येते. त्याचीही निम्मी रक्कम मधल्या महिन्यात बाजूला काढा, नाहीतर मधला महिना सुखाचा वाटतो आणि पुढचा जड जातो.

अंथरूण पाहून पाय पसरावेत हे आपण लहानपणापासून ऐकतो, पण पुष्कळ घरांत अंथरुणाची लांबीच कोणी मोजलेली नसते.

आणखी एक गोष्ट मी स्वतः भोगली आहे म्हणून लिहिते. दोघे नोकरी करणाऱ्यांच्या घरात पैसा संध्याकाळी सात ते आठ या तासात गळतो. मी घरी पोचायचे तेव्हा मुलगा पाळणाघराच्या पायरीवर चप्पल घालून बसलेला असायचा, घरी आल्याबरोबर त्याला भूक लागलेली असायची, भाजी चिरलेली नसायची, आणि मग फोनवरून काहीतरी मागवले जायचे. दर वेळी तीन-चारशे रुपये. ती चैन नव्हती, तो थकवा होता. त्यामुळे ‘बाहेरचे खाणे बंद’ असे ठरवून ते कधी बंद झाले नाही. बंद झाले ते रविवारी सकाळी दोघांनी मिळून दोन तास ओट्याशी घालवायला सुरुवात केल्यावर. खंडेराव मार्केटच्या बाजारातून आठवड्याची भाजी यजमान आणत. गवार, फरसबी मोडून डब्यात जाई, मूग-मटकी भिजत पडे, आले-लसणाचे वाटण होई, थालीपिठाची भाजणी संपत आली असेल तर दळून येई. थालीपीठ तव्यावर पडायला दहा मिनिटे लागतात, तेवढ्यात मागवलेले जेवण घरी येतही नाही. पण हे काम एकट्या बाईच्या गळ्यात पडले, तर दोन महिन्यांत मोडते. म्हणून यजमानांनी बरोबर उभे राहिले पाहिजे, हे मी आग्रहाने सांगते.

आपल्या शहराला बचतीच्या बाबतीत मोठी परंपरा आहे, हे जाता जाता नमूद करते. विठ्ठल लक्ष्मण तथा भाऊसाहेब कवठेकर यांनी १८८९ मध्ये बडोद्यात अन्योन्य सहायकारी मंडळी ही सहकारी पतसंस्था सुरू केली. भारतात सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा आला तो १९०४ मध्ये, म्हणजे त्यानंतर पंधरा वर्षांनी. बडोद्यातील मराठी माणसांनी एकमेकांच्या बचतीतून एकमेकांची नड भागवण्याचा मार्ग इतक्या आधी काढला होता. सावकारी व्याजाला तेव्हा लोक जितके भीत, तितके आज कार्डाच्या व्याजाला भ्यायला हवे.

समा रहिवासी

मुदत ठेवीवर पूर्ण ६८,००० काढण्याच्या सल्ल्याशी मी पूर्ण सहमत नाही. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीला पूर आला, तेव्हा आमचे तळमजल्याचे घर पाण्यात होते. नदीची धोक्याची पातळी २६ फूट, आणि पाणी ३५ फुटांच्या वर गेले होते. पाणी ओसरल्यावर फ्रीज आडवा पडलेला सापडला, धुण्याचे यंत्र चिखलाने भरले होते, स्कूटरच्या इंजिनात पाणी गेले होते, आणि मुलांची दप्तरे फेकून द्यावी लागली. त्या आठवड्यात आम्हा दोघांनाही कामावर जाता आले नाही. त्या वेळी बँकेत असलेल्या ९०,००० रुपयांमुळे आम्हाला कोणापुढे हात पसरावा लागला नाही. सगळी ठेव तारण ठेवली, तर अशा प्रसंगी ठेव मोडली तरी कर्ज वजा जाता तुमच्या हातात केवळ १२,००० राहतील.

तेव्हा बोनस येणार असेल त्या वेळी तो आधी याच कर्जाकडे वळवा. दोघांच्या नोकरीतील गटविमा आहे का आणि तो किती रकमेचा आहे, हेही तपासा. नोकरी सुटली की तो विमा सुटतो. आम्ही पुरानंतर घरातील सामानाचाही विमा घेतला आणि कुटुंबाचा स्वतंत्र आरोग्य विमाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटी लागत नाही. एजंटने सुचवलेल्या पॉलिसीऐवजी त्या पैशांत मुदतीचा साधा विमा घ्यावा, जो फक्त मृत्यूनंतर रक्कम देतो. तुमच्यावर घरकर्ज आहे, लहान मुले आहेत, त्यामुळे तो दोघांचाही हवा.

जुना रोखपाल

समा रहिवासी यांचा अनुभव मोलाचा आहे आणि त्यांची भीती रास्त आहे. तरीही महिन्याला २,८०० रुपये व्याज-करात घालवून राखीव रक्कम सांभाळणे परवडणारे नाही. ओव्हरड्राफ्टची सोय अशी असते, की जेवढे पैसे तुम्ही परत भराल तेवढे गरज पडल्यास पुन्हा काढता येतात. त्यामुळे सहा महिने भरल्यावर हातात १८,००० च्या आसपास सोय पुन्हा तयार झालेली असेल. बोनस त्यात टाकावा, हे त्यांचे म्हणणे मला पूर्ण पटते.

मकरपुरा पाळी

मी स्वतः मकरपुऱ्यात पाळीत काम करतो आणि माझी पत्नी नोकरी करते. या चर्चेत कोणी लिहिले नाही, पण घरात हमखास निघणारा एक प्रश्न मांडतो. ‘पाळणाघराचे ६,०००, पोळ्यांच्या मावशींचे ३,०००, येण्याजाण्याचे पेट्रोल, मग बाईच्या ३४,००० तून उरते काय?’ असा हिशोब आमच्याही घरी झाला होता. तो हिशोब मांडण्यातच चूक आहे. मूल दोघांचे, तर पाळणाघराचा खर्च एकट्या आईच्या पगारातून का वजा करायचा? शिवाय तिच्या नावाने भविष्य निर्वाह निधीत जमा होणारी रक्कम या ३४,००० मध्ये दिसत नाही, आणि मुलगा तीन वर्षांनी शाळेत जाऊ लागेल तेव्हा पाळणाघर सुटलेले असेल, पण मध्ये सोडलेली नोकरी त्याच पगारावर पुन्हा मिळेलच असे नाही. तेव्हा ताईंनी नोकरी सोडण्याचा विचार मनात आणू नये.

उलट एक चौकशी करा. प्रसूती लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने आलेली आणि आता सामाजिक सुरक्षा संहितेत असलेली तरतूद अशी, की ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करायला हवी. तुमच्या प्रयोगशाळेत किती कर्मचारी आहेत, हे पाहा. आमच्या जवळच्या एका कारखान्यात चार महिलांनी मिळून लेखी अर्ज दिला, तेव्हा व्यवस्थापनाने जवळच्या पाळणाघराशी करार केला. एकटीने विचारण्यापेक्षा चौघींनी विचारलेले बरे.

शाळेच्या बाबतीतही विचारून पाहा. गुजरातमध्ये २०१७ च्या कायद्याने खासगी शाळांच्या शुल्कासाठी शुल्क नियमन समित्या नेमल्या आहेत आणि वडोदरा विभागाची समिती स्वतंत्र आहे. तुमच्या शाळेला समितीने किती शुल्क मंजूर केले आहे आणि तुम्ही किती भरता, हे एकदा ताडून पाहणे पालकांचा हक्क आहे.

भायलीकर

सर्वांचे मनापासून आभार. मागील दोन रविवार आम्ही दोघांनी विवरणपत्रे समोर घेऊन काढले. जे दिसले ते इथे लिहिते, म्हणजे आमच्यासारख्या कोणाला उपयोग होईल.

वर्षातून एकदा येणारे खर्च ६०,००० निघाले, म्हणजे महिन्याला ५,०००. बाहेरून मागवलेले जेवण मागील तीन महिन्यांत सरासरी ४,२०० होते आणि त्यातील बहुतेक नोंदी खरोखरच संध्याकाळी सात ते साडेआठ या वेळेतील होत्या. म्हणजे कार्डाचा हप्ता भरून माझ्याकडे जे १,६०० उरतात असे वाटत होते, ते प्रत्यक्षात ७,६०० ची तूट होते. वर्षाची ९१,२००. बोनस वजा केला तरी ४६,००० ची तूट राहते, आणि २२,००० ची बाकी ६८,००० कशी झाली याचे उत्तर तिथेच मिळाले. आम्ही उधळे नव्हतो, हे खरे. पण आम्ही ९२,००० मध्ये राहत होतो ही माझी समजूत चुकीची होती.

ठेवीवर ओव्हरड्राफ्ट घेऊन कार्ड शून्य केले आहे. कार्ड यजमानांच्या कपाटात ठेवले आहे, फोनमधल्या सर्व खरेदीच्या ठिकाणांवरून त्याचा क्रमांक काढून टाकला आहे. घरकर्ज गृहवित्त कंपनीचे असल्यामुळे दर आपोआप उतरलेला नव्हता. दर कमी करून मिळावा म्हणून अर्ज दिला आहे, त्यासाठी रूपांतर शुल्क, म्हणजे दर बदलून घेण्याचे शुल्क, भरावे लागेल. प्रयोगशाळेत आम्ही ३१ जण आहोत, त्यामुळे पाळणाघराचा कायदा इथे लागू होत नाही, पण शाळेच्या शुल्काची चौकशी केली आहे.

गाडीबाबत घरात बराच वेळ बोलणे झाले. पावसाळा, लहान मुलगा, आणि सासूबाईंना दवाखान्यात नेणे ही कारणे मी स्वतःच मांडत होते. मग वर्षभरातील फेऱ्या मोजल्या. महिन्यातून चार-पाच वेळाच गाडी निघाली होती आणि त्यातील निम्म्या वेळा रिक्षाने सहज जाता आले असते. ३१ हप्ते शिल्लक आहेत, त्यांची आजची मूळ रक्कम २,५२,००० आहे, आणि गाडीला २,८०,००० ची मागणी आली आहे. मुदतपूर्व फेडीचे शुल्क जाऊन हातात १९,००० च्या आसपास येतील, ते राखीव म्हणून बाजूला राहतील. हप्ता आणि गाडीचे पेट्रोल मिळून ११,२०० वाचतील, त्यातून रिक्षासाठी १,२०० धरले आहेत. बाहेरचे खाणे निम्म्यावर आणायचे ठरवले आहे, पूर्ण बंद करण्याचे वचन मी देत नाही. या हिशोबाने महिन्याला ४,५०० शिल्लक पडतात, आणि चार महिन्यांनी मोबाईलचा हप्ता संपला की त्यात २,४०० ची भर पडेल. मागच्या रविवारी यजमानांनी भाजी आणली आणि दीड तास गवार मोडली. या आठवड्यात एकदाच बाहेरून मागवले.

रोखपाल काका, तुमचा एक सल्ला मात्र आम्ही घेतलेला नाही. सासरे ज्या गिरणीत होते ती बंद पडली, तेव्हा त्यांना मिळायला हवे होते ते पुरते मिळाले नाही. यजमानांचे अभियांत्रिकीचे शिक्षण त्यांनी त्याच काळात पूर्ण केले, सासूबाईंच्या पाटल्या विकून. ते ५,००० आम्ही नव्या वहीत घराच्या हप्त्याच्याही वर, पहिल्या ओळीत लिहिले आहेत.